माझ्या सहा ओळी, तिची एक

आमच्या केंद्राची पाटी उतरवली त्याला आता वर्ष होईल. डोंबिवलीत मानपाडा रोडवर, स्टेशनरीच्या दुकानाच्या डोक्यावर दोन खोल्या होत्या. बाहेर सहा खुर्च्या आणि आत एक लांबलचक टेबल. एकतीस वर्षं त्या टेबलाशी बसून मी आणि प्रमिला वाघमारेनं दहावीच्या मुलांना पुढे काय करायचं ते सांगितलं. लोक आम्हाला 'कल चाचणीवाल्या बाई' म्हणत. आवराआवर करताना खुर्च्या खालच्या दुकानदाराला दिल्या, कपाट भंगारवाल्यानं नेलं, आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा मी घरी आणून डाळींच्या डब्यांमागे ठेवला. त्या डब्यात एक चिठ्ठी होती. बावीस वर्षं मी ती उघडली नव्हती. यंदा उघडली. त्याचंच लिहायला बसले आहे, पण मी सरळ मुद्द्यावर येणारी बाई नव्हे, तेव्हा जरा धीर धरा.

आधी आमचं काम काय होतं ते सांगते. मूल सकाळी नऊला पोळीभाजीचा डबा घेऊन यायचं. अंकांच्या मालिका पूर्ण करायच्या, रंगीत ठोकळे जुळवायचे, आणि आम्ही स्टॉपवॉच हातात धरून समोर बसायचं. मग आवडीनिवडींची भलीमोठी प्रश्नावली. जेवणानंतर चित्रांची कार्डं दाखवायची आणि प्रत्येक चित्रावरून गोष्ट सांगायला लावायची. शेवटचं कार्ड कोरं असे. त्याच्याकडे बघूनही गोष्ट सांगायची. निम्मी मुलं ते उलटंसुलटं करून बघत आणि म्हणत, "बाई, हे छापायचं राहिलंय." त्यानंतर आईवडिलांशी बोलणं, मग पेपर तपासणं, आणि आठवड्यानं स्पायरल बाइंडिंग केलेला अहवाल हातात.

आईवडिलांना वाटे, आमच्याकडे एखादं यंत्र आहे. एक गृहस्थ मुलाची पत्रिका घेऊन कल्याणहून आले. म्हणाले, "पत्रिकेत इंजिनियर आलंय. तुमच्या अहवालातही तेवढं लिहा, म्हणजे दोन्ही एकमेकांना धरून होईल."

प्रमिलानं विचारलं, "मग मुलाला कशाला आणलंत?"

"त्याला कळायला नको?" ते म्हणाले, अगदी गंभीरपणे. आम्ही दोघी टेबलाखाली एकमेकींच्या पायावर पाय देऊन हसू दाबत बसलो.

आता चिठ्ठ्यांचं सांगते. ती पद्धत प्रमिलाची. मुलाशी बोलून झालं, पालक गेले, की पेपर तपासायच्या आधी आम्ही दोघींनी एकेक चिठ्ठी लिहायची. हे मूल कुठे जाईल असं आपल्याला वाटतं, एवढंच. घडी घालून ती बिस्किटांच्या डब्यात टाकायची. मग गुण मोजायचे, तक्ते भरायचे, आणि अगदी शेवटी दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. मुलाला आणि आईबापांना त्याआधी अवाक्षर सांगायचं नाही.

"एकदा आकडे बघितले की मन त्यांच्यामागे जातं," प्रमिला म्हणायची. "आधी आपल्याला काय दिसलं ते लिहून ठेवावं. मग स्वतःशी खोटं बोलता येत नाही."

माझ्या चिठ्ठीवर नेहमी सहा ओळी असत. कधी मागची बाजूही भरे. तिच्या चिठ्ठीवर एक ओळ, तीही अर्धी. पहिल्या वर्षाच्या शेवटी मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "बघ, माझा अंदाज एकदाही चुकला नाही."

"तुझ्या चिठ्ठीत चुकायला काही शिल्लकच नसतं," ती म्हणाली आणि चहा ओतायला उठली.

आम्हा दोघींत हा जो फरक होता त्याला आमच्या शास्त्रात नाव आहे. पुराव्याशिवाय आतून जे उमगतं त्याला पुस्तकात अंतःप्रज्ञा म्हणतात, आणि तिचे दोन प्रकार सांगतात, बहिर्मुख आणि अंतर्मुख. लोक लगेच समजतात, बहिर्मुख म्हणजे बडबडी आणि अंतर्मुख म्हणजे घुमी. मी बडबडी आहे हे खरं, पण त्याचा इथे संबंध नाही. प्रश्न असा आहे की तुमचा अंदाज धावतो कुठे. माझा बाहेर धावतो. समोर एक वस्तू ठेवा, माणूस ठेवा, मला त्यातून काय काय होऊ शकेल ते दिसायला लागतं. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, आणि प्रत्येक नवं मला आधीच्यापेक्षा जास्त आवडतं. त्यात एकच खोट आहे. कुठलंही दार बंद करायचं म्हटलं की माझ्या जिवावर येतं.

प्रमिलाचं सगळं आत चालायचं. ती बघायची, ऐकायची, आणि ते कुठेतरी आत जाऊन बसायचं. मग कधी दोन तासांनी, कधी दोन दिवसांनी एकच गोष्ट वर यायची. कशावरून म्हणून विचारलं तर तिला सांगता येत नसे. ती म्हणायची, "अगं, दही लागायला ठेवलंय. मधेच ढवळलंस तर काय हाती लागणार?" आणि एकदा लागलं की मग तिला हलवणं कठीण. शीळफाट्यावर उभं राहून आम्हा दोघींना रस्ता विचारला असता, तर मी ठाणं, कल्याण, नवी मुंबई, शिवाय एक आतला शॉर्टकट आणि वाटेत कुठे वडापाव चांगला मिळतो तेही सांगितलं असतं. प्रमिलानं थोडा वेळ रस्त्याकडे बघितलं असतं आणि म्हटलं असतं, "आज इथून जाऊ नका."

हल्लीची मुलं मोबाइलवर दहा मिनिटांत चाचणी देतात आणि चार इंग्रजी अक्षरांची पाटी गळ्यात अडकवून हिंडतात. खालच्या दुकानातली मुलगी मला आपली अक्षरं सांगून म्हणाली, "मॅडम, म्हणून मला सकाळी उठवत नाही." कोणीही नुसतं असं किंवा नुसतं तसं नसतं, आणि हे प्रकार मानावेत की नाही यावर शास्त्रातही वाद आहेत. पण एकतीस वर्षं एका टेबलाशी प्रमिलासमोर बसल्यावर मला तरी ते नाकारता येत नाही.

आमचं जमायचं मात्र छान. शहाडहून संतोष नावाचा मुलगा आला होता, वडील गिरणीत फिटर. सगळे गुण मध्यम, कशातच डोकं वर नाही. वडील सारखं रुमालानं तोंड पुसत होते. प्रमिलाची चिठ्ठी निघाली, "याला बारीक काम द्या." माझ्या पाचव्या ओळीत होतं, "चष्मे?" कारण पोरगं बोलताना सारखं माझ्या चष्म्याच्या निसटत्या स्क्रूकडे बघत होतं, आणि शेवटी न राहवून म्हणालं होतं, "बाई, देता का? मी नखानं घट्ट करतो." तिची ओळ बरोबर होती, पण तेवढ्यावर मुलगा कुठे प्रवेश घेणार? माझ्यामुळे त्याला रस्ता मिळाला. आज कल्याणात त्याचं चष्म्यांचं दुकान आहे आणि माझा स्क्रू अजून तोच बसवतो.

प्रमिला चुकायचीसुद्धा, आणि चुकली की दणक्यात. ठाण्याच्या एका हुशार मुलीबद्दल तिनं लिहिलं, "ही डॉक्टर होणार नाही." गुण असे की मेडिकलशिवाय दुसरं लिहिताच येईना. मी समजावलं, भांडले, शेवटी हात टेकले. बाईनं त्या अहवालावर सही केली नाही ती नाहीच. ती मुलगी हाडांची डॉक्टर झाली. पुढे प्रमिलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन तिनंच केलं. मी मुद्दाम खाट धरून उभी राहिले आणि म्हटलं, "काय?"

"चुकले," प्रमिला म्हणाली. मग जरा वेळानं, "पण चेहरा बघितलास तिचा? खूश नाहीये."

अशी ही माणसं. भूल उतरायच्या आधीच पुन्हा तिथेच.

आता आदित्यचं. आदित्य माझा मुलगा, एकुलता एक. आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असलेला नियम आहे की स्वतःच्या मुलाची चाचणी घ्यायची नाही. बाकी कोणाला हा नियम लागतच नाही, तो मोडण्याचा गाढवपणा फक्त आम्हीच करू शकतो. आणि मी तो केला.

लहानपणापासून हा मुलगा कमी बोलायचा. सातवी-आठवीपासून सायकल घेऊन मोठागावच्या खाडीवर जाऊन बसायचा. तिथे तेव्हा लाकडी होड्या दुरुस्तीला काढायचे. फळ्यांच्या फटीत कापूस ठोसून भरतात, तळाला डांबर लावतात, ते बघत बसे. घरी येऊन एखादं वाक्य बोले. "आई, आज मोठी होडी उलटी केली होती."

झालं. तेवढं मला पुरे असे. "अरे वा, नेव्हीत जायचंय का तुला? की जहाजबांधणी? मरीन इंजिनियरिंगला फार मागणी आहे. की पाण्यातल्या जिवांचा अभ्यास? असं कर, फोटो काढ तिथले, फार सुंदर येतील. त्यावर लेख लिही." पुढच्या वाढदिवसाला मी त्याला कॅमेरा आणून दिला. तो गप्प बसायचा, आणि मला वाटायचं, ह्याचा त्यातला रस संपला. मग मी दुसरं काहीतरी सुचवायची. मी किती प्रेमानं सुचवत होते ते मलाच माहीत.

दहावीला त्याची चाचणी प्रमिलानं घेतली. मी बाहेरच्या खोलीत बसले होते. इथपर्यंत सगळं रीतसर झालं. आम्ही चिठ्ठ्या लिहिल्या, डब्यात टाकल्या. दुसऱ्या दिवशी पेपर तपासायचे ठरलं आणि प्रमिला कल्याणला घरी गेली. मला काही राहवेना. आदित्यला बाहेर थांबवलं आणि मी पेपर काढून बसले. अंक, ठोकळे, सगळं उत्तम. मग गोष्टींची वही उघडली. कोऱ्या कार्डापुढे प्रमिलानं वेळ लिहिला होता, अकरा मिनिटं. बाकीची मुलं दोन मिनिटांत राक्षस, रॉकेट, क्रिकेट असं काहीबाही सांगून मोकळी होतात. माझ्या मुलानं अकरा मिनिटं घेऊन दोन वाक्यं सांगितली होती. "एक माणूस होडी दुरुस्त करतोय. ती झाली की तो दुसरी करेल."

मी चरकलेच. तपासायच्या कोष्टकाप्रमाणे कल्पनांची संख्या एक, विविधता शून्य. दुसऱ्यांच्या मुलांना भरभरून शक्यता वाटणाऱ्या बाईचा मुलगा, आणि त्याला एवढंच सुचावं? मग मी चिठ्ठीतल्या माझ्या सहा ओळी आठवल्या, त्या नीट क्रमानं लावल्या, आणि घरी जाताना रिक्षात बसल्या बसल्या त्याला सांगून टाकल्या. कॉम्प्युटर इंजिनियर, हॉटेल मॅनेजमेंट, फोटोग्राफी, जाहिरात, पत्रकारिता, शिक्षक. रिक्षा टिळक चौकातून आमच्या गल्लीपर्यंत येईतो माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता. आदित्य बाहेर बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी प्रमिलाला सांगितलं. तिनं नुकताच डबा उघडला होता आणि दोन्ही चिठ्ठ्या तिच्या हातात होत्या.

"त्याला सांगितलंस?"

"हो. छान ऐकत होता."

"ऐकत होता, की बसला होता?"

तिनं माझी चिठ्ठी न उघडताच टेबलावर सरकवली, आणि आपली पुन्हा डब्यात टाकली. आवाज चढवला नाही. तो ती कधीच चढवत नसे, आणि त्याचाच मला राग यायचा.

"आता ती अहवालासाठी नाही," ती म्हणाली. "तुझ्यासाठी आहे. ऐकायचं असेल तेव्हा उघड."

मीही नाकावर राग असणारी. म्हटलं, राहू दे तिथेच. पहिले काही महिने तो राग होता. नंतर राग गेला आणि नुसतं राहिलं. प्रमिलानं त्यानंतर एकदाही विषय काढला नाही. रोज त्याच डब्यात नव्या चिठ्ठ्या पडत होत्या, उघडत होत्या, आणि तळाशी ती एक तशीच. एवढी चौकस मी, मग उघडली का नाही, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर माझ्या स्वभावातच आहे. बंद चिठ्ठीत काय असेल याच्या मी वीस शक्यता रचल्या होत्या. 'वैज्ञानिक' असेल, 'कलावंत' असेल, 'याला फार जपा' असेल. कधी मूड चांगला असला की चांगलं काही लिहिलेलं असे, वाईट असला की वाईट. उघडली की त्यातली एकच उरणार होती. मला त्या एकाची भीती वाटत होती. हे आत्ता एवढं सरळ लिहिते आहे, पण तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

आदित्य कॉम्प्युटर इंजिनियर झाला. ऐरोलीत चार वर्षं नोकरी केली आणि सोडली. मग हॉटेलच्या धंद्यातला कोर्स केला, एका मोठ्या हॉटेलात लागला, ते सोडलं. मग लग्नांचे फोटो काढू लागला. तेव्हा मी नातेवाइकांत सांगत फिरले की आमचा आदित्य हरहुन्नरी आहे. मग जाहिरातींच्या कंपनीत. मध्ये श्रुतीशी लग्न झालं, ईशा झाली. कोलशेतला घर घेतलं, ह्यांची, म्हणजे आदित्यच्या बाबांची, कंपनी जिथे होती तिथून हाकेच्या अंतरावर. हे असताना मी डबा द्यायला एकदा तिथवर गेले होते, तेव्हा गेटबाहेर नुसती झुडपं आणि खाडीचा वास होता. आता बत्तीस मजले आहेत, वास मात्र तोच आहे.

यंदा मे महिन्यात आदित्य आणि श्रुती आंब्यांची पेटी घेऊन माझ्याकडे आले. पेटी ठेवता ठेवता तो म्हणाला, "आई, राजीनामा दिला."

"अरे, पण का?"

त्यानं खांदे उडवले आणि हसला. म्हणाला, "पाचवं काय होतं गं?"

"कसलं पाचवं?"

"पत्रकारिता," त्यानं स्वतःच सांगितलं. "आणि मग शिक्षक. बरं आहे, दोनच उरलेत."

मला कळायलाच वेळ लागला. श्रुती माझ्याकडे बघत होती. "आई, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? लग्नाआधीच सांगितलेलं त्यानं मला. तो तुमच्या लिस्टनेच चाललाय."

त्यात कुठे टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. मी खाली बघितलं तर मला त्याची बोटं दिसली. नखांच्या कडेला काळं काहीतरी बसलेलं, तळहाताला घट्टे. "हे काय रे?" मी विचारलं. "काही नाही, जरा काम करत होतो," तो म्हणाला. माझं डोकं लगेच धावलं. बाइक दुरुस्त केली असेल, गच्चीवर बाग लावली असेल, जिमला जात असेल, घराला रंग काढला असेल. चार उत्तरं मिळाली, त्यामुळे मी पुन्हा विचारलं नाही.

आंबे पाण्यात घालताना श्रुती स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "आई, मला त्याच्या नोकरीचं टेन्शन नाही. माझी बँक आहे, चालेल घर. पण तो घरात असून नसल्यासारखा असतो. ईशा काही सांगायला गेली तरी हो हो करतो. मला तो परत हवाय." तिचा हात आंब्यांच्या पाण्यात तसाच राहिला होता.

ते गेल्यावर मी डाळींचे डबे बाजूला केले. चिठ्ठी पिवळी पडली होती आणि घडीवर फाटायला आली होती. प्रमिलाचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. एकच ओळ.

"आदित्यचं ठरलेलं आहे. एकदा विचार, आणि तो बोलेपर्यंत गप्प बस."

माझ्या वीस शक्यतांत ही नव्हती. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि रडले. बावीस वर्षांत किती वेळा विचारलं असेल मी त्याला, काय करायचंय तुला? शेकडो वेळा. आणि प्रत्येक वेळी त्या प्रश्नाच्या शेपटाला पर्याय बांधून. उत्तराला जागा म्हणून ठेवली नाही.

प्रमिला आता नाशिकला लेकीकडे असते. तिला फोन लावला.

"उघडली," मी म्हटलं.

"बरं." कोणती म्हणून विचारलंसुद्धा नाही. "मग विचारलंस त्याला?"

"अजून नाही."

"मग मला कशाला फोन केलास?"

"प्रमिला, एवढं सांग. कशावरून लिहिलं होतंस?" एकतीस वर्षांत या प्रश्नाचं तिनं कधी धड उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं.

"अकरा मिनिटं तो त्या कोऱ्या कार्डाकडे बघत होता, वासंती. शोधत नव्हता तो. सांगावं की नाही ते ठरवत होता." मग म्हणाली, "माझंही चुकलं. चिठ्ठी डब्यात टाकून मोकळी झाले. माझ्या मनात होतं, ही आज ना उद्या उघडेल. तू उघडत नाहीस हे दिसत होतं, तरी मी माझा हेका सोडला नाही." प्रमिलानं आपणहून चूक मान्य केल्याचं मला हे एकच आठवतं.

पुढच्या रविवारी मी कोलशेतला गेले. श्रुती ईशाला क्लासला सोडायला निघाली होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि चपला घालून लगेच गेली. आदित्य बाहेरून नुकताच आला होता, हात धूत होता. त्यानं चहा केला, आम्ही गॅलरीत बसलो. खाली खाडी होती. ओहोटी लागली होती.

"आदित्य," मी म्हटलं, "तुला काय करायचंय?"

आणि ओठ मिटले.

वाचकहो, मी बाळंतपण सोसलंय, दोन ऑपरेशनं झाली आहेत, पण ती काही मिनिटं मला त्याहून जड गेली. पहिल्या मिनिटात त्यानं नुसतं माझ्याकडे बघितलं. पुढचं येईल म्हणून वाट बघत होता बिचारा. पुढचं माझ्या जिभेवर होतंच. शिक्षक झालास तर बी.एड. बाहेरून करता येतं. श्रुतीच्या बँकेत... नाही तर ऑनलाइन... मी चहाचा घोट घेतला. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी झाली. आतल्या घड्याळाकडे मी मान वळवून बघितलं, जुनी सवय. चार मिनिटं. आदित्य आता माझ्याकडे बघत नव्हता, खाडीकडे बघत होता आणि अंगठ्यानं नखातलं काळं खरवडत होता. सहा मिनिटं. मला वाटलं, ह्याला राग आलाय. वाटलं, ह्याला झोप आलीय. वाटलं, प्रमिला चुकली. मी आणखी एक घोट घेतला.

"होड्या," तो म्हणाला.

मी मान हलवली.

"इथे खाडीवर एक काका आहेत. लाकडी होड्या दुरुस्त करतात, आता फायबरच्याही. दोन वर्षं जातोय मी रविवारी. वॉकला जातो म्हणून सांगितलेलं तुम्हाला." तो थांबला. मी थांबले. "श्रुतीलाही नाही सांगितलं. मूर्खपणा वाटेल म्हणून. काका परवा म्हणाले, तुजा हात बसला आता. त्यांचं वय झालंय, त्यांना माणूस हवाय. मला तेच करायचंय, आई. तेव्हाही तेच करायचं होतं."

माझ्या डोक्यात त्या क्षणी आठ गोष्टी उभ्या राहिल्या. मुलांसाठी कार्यशाळा. खाडीची सहल. जुन्या होड्यांचं छोटं संग्रहालय. व्हिडिओ. कॅमेरा तर घरात आहेच. इंजिनियरिंगचाही उपयोग होईल. सगळ्या चांगल्या होत्या, हे मी आजही म्हणेन.

मी कप तोंडाला लावला. तो केव्हाच रिकामा झाला होता. आदित्यनं ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे सांगत राहिला.